चौकटीचा डावा खांब

१

घरातून काय काय चोरीला जातं, याचा बाईंना चांगला अंदाज होता. दागिने जातात, भांडी जातात, क्वचित माणसंही जातात. पण दाराच्या चौकटीचा एक खांब कोणी कापून नेला, असं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

दार होतं स्वयंपाकघर आणि सुतारशाळा यांच्या मधलं. उजवा खांब जागच्या जागी होता, पिढ्यान् पिढ्या तेल पिऊन काळा झालेला. डावीकडे मात्र भिंतीचा दगड उघडा पडला होता, आणि वर तुळईला नि खाली उंबऱ्याला कापलेल्या लाकडाचे बोटभर ताजे तुकडे तेवढे चिकटून राहिले होते. तुळई खाली येऊ नये म्हणून भिंतीला लागून एक राखाडी टेकू उभा केला होता, खाली-वर पाचरी ठोकून. बाहेर आभाळ दाटून आलेलं, आत दिवसाढवळ्या दिवा लावलेला.

"चोर मोठा समजूतदार म्हणायचा," बाई म्हणाल्या. "घर फोडलं, पण पडू दिलं नाही."



बाईंचा धंदा लोकांच्या वंशावळी लावून देण्याचा. कोणाला वारसा सिद्ध करायचा असे, कोणाला हरवलेली शाखा शोधायची असे. लोक समोर 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'मुळावरची बाई'. त्यांना ते ठाऊक होतं आणि थोडंसं आवडतही होतं. त्यांच्या स्वतःच्या वंशावळीत त्यांच्या खाली कोणी नव्हतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या मुळांशी बसायला वेळच वेळ होता.

ज्या मुलीनं त्यांना बोलावलं होतं, तिला घरात सगळे धाकटी म्हणत. मागच्या आठवड्यात ती बाईंच्या खोलीवर आली, तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"आमच्या घराण्यात थरथर आहे," ती म्हणाली होती. "पणजोबांना झाली, आजोबांना झाली, थोरल्या काकांना झाली. चाळिशी आली की हात कापायला लागतात. मग पाय, मग जीभ. मग माणूस अंथरुणाला लागतं आणि जातं. माझे बाबा तिशीतच पहाडावरून पडून गेले. बांधकामाचा पहाड हो, परांची. त्यांना ती झाली असती की नाही, हे आता कोण सांगणार?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, या आजाराची खूण रक्तात दाखवणारी तपासणी अजून निघालेली नाही. पिढ्यांमधून तो कसा उतरला ते कळलं, तरच काही सांगता येईल." मग ती खाली बघून बोलली. "मला दिवस गेलेत. घरात कोणालाच सांगितलेलं नाही. नवरा परगावी कामाला असतो, तो म्हणतो, तू ठरवशील ते. शुक्रवारी इस्पितळात जाऊन मोकळं व्हायचं, असं मी ठरवत आणलंय. माझ्या पोराला मी काय थरथर देऊ?"

कचेरीतले जुने कागद कधीच्या काळी पुरात गेले होते. पण घरात खांब होता, धाकटी म्हणाली. या घरात मूल जन्मलं की त्याला एक खूण मिळायची. कोणाला पान, कोणाला मासा, कोणाला त्रिकोण. पुढे तो सुतार झाला की तीच खूण आपल्या हत्यारांवर मारायचा. दर वाढदिवसाला मुलाला अनवाणी खांबाशी उभं करायचं, डोक्यावर गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, ठेवायचा, पटाशीनं आडवी रेघ मारायची, शेजारी त्याची खूण आणि वयाइतकी बारीक टिंबं. कोण किती वर्षं वाढलं, कोण कुठल्या वयाला थांबलं, सगळं खांबावर. बाईंना असा दस्तऐवज जन्मात मिळाला नव्हता. आणि तो बघायला त्या आल्या, त्याच सकाळी तो गेला होता.

"मी येणार, हे कोणाला माहीत होतं?"

"काल जेवताना मीच सांगितलं," धाकटी म्हणाली. "घरात आम्ही चौघंच. मी, आत्या, दादा आणि मिस्त्रीकाका."

"मग शोधायला लांब जायला नको," बाई म्हणाल्या, आणि धाकटीचा चेहरा पांढरा पडला.

२

दादा म्हणजे धाकटीचा चुलतभाऊ, थोरल्या काकांचा मुलगा. सुतारशाळा तोच चालवायचा. उंच, देखणा, चाळिशीला टेकलेला. सकाळी दाराशी पहिला तोच आला होता.

"करवतीचा आवाज नाही आला?" बाईंनी विचारलं.

"सुताराच्या घरात करवतीनं कोणाला जाग येते, बाई? मिस्त्री उजाडायच्या आत कामाला लागतो. आवाज नाही आला, तर दचकून उठू आम्ही." तो भिंतीला टेकून उभा होता, उजवा हात खिशात घालून. "आणि खरं सांगू? गेला ते बरं झालं. गावभर करायची आहे का आमची थरथर? कामं कोण देईल मला? दारं-खिडक्या कोण करून घेईल?"

"म्हणजे खांब तुम्ही कापला?"

"मी म्हटलं, गेला ते बरं झालं. मी नेला असं नाही म्हटलं." तो चिडला. "शोधा की. मागे वखार भरलीय. लाकूड लपवायचं तर लाकडातच."

बाईंनी वखार पाहिली होती. तिथल्या लाकडांवर धुळीचा थर जसाच्या तसा होता.  आत्यानं आणून ठेवलेल्या चहाच्या दोन कपांपैकी एक त्यांनी उचलला आणि दुसरा त्याच्यापुढे धरला.

"नको मला."

"घ्या हो. गार होईल."

त्यानं खिशातला हात बाहेर काढायला नको होता. पण समोरच्या बाईनं कप धरून ठेवला, की माणूस हात पुढे करतोच. बशीत कप खडखडला. चहा हिंदकळून त्याच्या मनगटावर सांडला, आणि त्यानं कप तसाच रंध्याच्या टेबलावर आदळला.

"कधीपासून?" बाईंनी हळूच विचारलं.

"धाकटीला सांगू नका," तो म्हणाला. त्याचा आवाजही थरथरत होता, पण तो आजारानं नव्हे.

३

मिस्त्री सुतारशाळेच्या टोकाला करवतीला धार लावत बसला होता. सत्तरीचा माणूस, कानानं थोडा मंद. लहानपणी या घरात आला आणि इथेच म्हातारा झाला. बाई त्याच्या समोर लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या. कानस दातादातावरून सरकत होती आणि हात तसूभर हलत नव्हता.

"तो काप बघितलात?" बाईंनी मोठ्यानं विचारलं.

"बघितला."

"कसा वाटला?"

"सरळ आहे," मिस्त्री म्हणाला. "सावकाश कापलंय, मधेमधे दम घेत. पण सरळ."

"म्हणजे कापणाऱ्याचा हात थरथरत नव्हता."

कानस थांबली. मिस्त्रीनं पलीकडच्या टोकाला उभ्या दादाकडे पाहिलं, मग झटकन नजर वळवली. त्यालाही ठाऊक होतं तर. एका छपराखाली राहून सगळे एकमेकांपासून तेच लपवत होते.

"तुमचाही हात थरथरत नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. आमच्यात कोणाचा नाही." आणि मग, जास्त बोलून गेल्यासारखा, तो पुन्हा कानस चालवू लागला. "मी कापला नाही. मी कापला असता तर हातगाडीवर घालून नेला असता आणि जाळून टाकला असता. इतकं अर्धवट काम कशाला करीन?"

"अर्धवट?"

म्हाताऱ्यानं पुढच्या दाताला कानस लावली.  मंद कानाच्या माणसांचा एक फायदा असतो, नको तो प्रश्न त्यांना ऐकूच येत नाही.

"खांबावर काय होतं, मिस्त्री?"

"ते मला विचारू नका. मी या घरचा नाही." त्यानं करवत दिव्यासमोर धरून दात पाहिले. मग तिकडेच बघत विचारलं, "पोरगी सकाळपासून काही जेवली का?"

आज तिच्या जेवणाची चौकशी करणारा तो पहिलाच होता, हे बाईंनी मनात ठेवून दिलं.

४

आत्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ती घासलेलीच होती, ती पुन्हा घासत होती. दादाच्या आणि धाकटीच्या बापांची ही बहीण. लग्न केलं नाही. आपल्यातली थरथर दुसऱ्याच्या घरात न्यायची नाही, असं तिनं पोरवयातच ठरवून टाकलं होतं. धाकटीची आई बाळंतपणात गेली आणि बाप पहाडावरून पडला, तेव्हापासून धाकटीला तिनंच वाढवलं.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, बाई," ती मागे न बघता बोलली.

"ऋषींचं काम मी घेतच नाही. साध्या माणसांचंच करते."

"पोरगी आमची आहे. आणखी काय कळायचंय तिला?"

"तिच्या बाबांबद्दल सांगा. लहानपणी कसे होते?"

भांड्यावरचा हात जरा मंदावला. "चारचौघांसारखा. अशक्त होता आधी. मग सुधारला."

"कधी सुधारला?"

"तापाची साथ आली होती इथे. बाबा आम्हाला सगळ्यांना घेऊन रानातल्या लाकूडकटाईवर जाऊन राहिले. वर्षभर होतो. तिथली हवा मानवली त्याला."

"तेव्हा त्यांचं वय?"

"पाच. परत आलो तेव्हा सहा. मी दहा वर्षांची होते." तिनं भांडं पालथं घातलं. "झाली चौकशी? सकाळपासून हा पसारा. भुसा किती पडला होता म्हणून सांगू."

बाईंनी जमीन पाहिली. दाराशी, उंबऱ्याच्या खाचेत, भिंतीच्या कोपऱ्यात, कुठे भुशाचा कण नव्हता.

"भुसा दादानं पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "तो आला, तेव्हा जमीन लख्ख होती म्हणाला."

आत्या वळली. नळ उघडला आणि पाणी वाहू दिलं.

बाई निघाल्या. दारातून जाताना त्यांचा तोल किंचित गेला आणि त्यांनी टेकूला हात दिला. लाकूड खडबडीत होतं, तळव्याला कुसळ लागलं. कुसळ काढायला त्या दिव्याखाली सरकल्या, आणि मान वर करून बघता बघता तशाच उभ्या राहिल्या. मग टाचा उंचावून त्यांनी टेकूच्या वरच्या भागावरून बोटं फिरवली. तिथे, डोक्याच्याही वर, जिथे कोणाचा हात सहसा पोचत नाही, तिथे लाकडाची कड गुळगुळीत होती. बोटांना राख लागली, चुलीतली असते तशी मऊ.

"धाकटे," त्यांनी हाक मारली, "सगळ्यांना इकडे बोलव."

५

चौघं दाराशी जमली. आत्या सगळ्यात मागे, ओले हात पदराला पुसत.

"खांब जड होता," बाईंनी सुरुवात केली. "तो न्यायचा तर दोन माणसं हवीत, नाहीतर एक धडधाकट माणूस आणि हातगाडी. वखारीतली धूळ हललेली नाही. रस्त्यावर समोरचा दुकानदार पहाटेपासून बसलेला असतो, त्यानं काही पाहिलं नाही. मग मी स्वतःला विचारलं, चोर अशक्त असेल तर? त्याला खांब कापता येतो, पण नेता येत नाही. तर तो काय करेल?"

"काय करेल?" दादानं विचारलं.

"नेणारच नाही. तुम्ही सगळे लाकूडकाम करणारी माणसं. हा टेकू कुठला, असं कोणी विचारलंत का?"

कोणी विचारलं नव्हतं. टेकूकडे कोण बघतं?

"दाराशी खेळणाऱ्या पोरांचे हात लागून चौकट झिजते ती गुडघ्याच्या उंचीला. हा टेकू खाली खडबडीत आहे आणि डोक्याच्या वर गुळगुळीत. म्हणजे हा उलटा उभा आहे. आणि पूर्वी पुष्कळ वर्षं, पुष्कळ हातांखाली, सुलटा उभा होता."

"काखेत कळसा," दादा पुटपुटला, "आणि गावाला वळसा."

"कापणाऱ्याचा हात स्थिर होता, म्हणून दादा नव्हे. तो मिस्त्रीनं कापला असता, तर आत्तापर्यंत त्याची राख झाली असती. ज्यानं हे केलं, त्यानं तुळईला सुतारशाळेतला जॅक लावला, सावकाश कापलं, खांब आडवा करून उलटा उभा केला, खुणा भिंतीकडे फिरवल्या, वर चुलीतली राख चोळली. आणि मग सवयीनं भुसा झाडून घेतला. चोर झाडून जात नाही, धाकटे. घरची बाई झाडते."

धाकटीनं मागे वळून पाहिलं. "आत्या?"

"मी सुताराची लेक आहे," आत्या म्हणाली. बस, एवढंच.

मिस्त्रीनं न सांगता जॅक आणला आणि पाचरी ठोकून काढल्या. दादानं एका बाजूनं धरलं. खांब जमिनीवर आडवा झाला, उताणा. धाकटीनं ओल्या फडक्यानं राख पुसली आणि खुणा वर आल्या, एकात एक, दाटीवाटीनं. पणजोबांचा मासा, आजोबांचा त्रिकोण, थोरल्या काकांची चांदणी.

"बाबांचा अर्धा चंद्र," धाकटी म्हणाली आणि सगळ्यात वरच्या चंद्रावर बोट ठेवलं. "लहानपणी मी रोज याला हात लावायचे."

"सगळ्यात वरचाच बघितलास ना?" बाई म्हणाल्या. " आता खालून मोज. टिंबं बघत ये."

धाकटी वाकली. एक टिंब. दोन. तीन. चार. पाच. मग तिचं बोट वर सरकलं, पुढे गेलं, परत आलं. सहा टिंबांचा चंद्र वर नव्हताच. तो पाच टिंबांच्या खाली होता, चांगला चार बोटं खाली.

"चुकलं असेल माप," दादा म्हणाला.

"या घरात?" बाईंनी विचारलं.

 बाईंनी चष्मा काढला. हे सांगणं त्यांना कधीच सोपं गेलं नव्हतं. "लहान मूल वाढायचं थांबेल, धाकटे. पण ते खाली येत नाही. पाच वर्षांचा चंद्र एका मुलाचा आहे. सहा वर्षांचा दुसऱ्याच."

"पुरे करा हो," आत्या म्हणाली, आणि खांबाजवळ खाली बसली.

६

"माझा धाकटा भाऊ रानातच वारला," तिनं सांगितलं. "तापानंच. ज्याला टाळायला गेलो, तो तिथे आधीच येऊन बसला होता. आई त्याला मांडीवरून खाली ठेवेना. दोन दिवस ठेवेना. मग बोलायचीच बंद झाली. कटाईवर एक आरेकरी होता, मोठी करवत ओढणारा, झाड अंगावर पडून मेला. बायको आधीच गेलेली. त्याची दोन पोरं उघड्यावर. धाकटा आमच्या भावाएवढाच. बाबांनी त्याला आणून आईच्या मांडीवर बसवलं. आईनं त्याला भावाच्याच नावानं हाक मारली. आम्हाला सगळ्यांना शपथ घातली."

"आणि वर्षानं परत आल्यावर शेजाऱ्यांनीही मानलं," बाई म्हणाल्या. "त्या वयात पोरं बदलतातच."

"बाबांनी त्याला नाव दिलं, खूण दिली, घर दिलं. पण वाढदिवसाला पटाशी हातात घेतली, आणि माप खोटं मारवेना त्यांना. माझ्या देखत रेघ मारली आणि रडले."

"मग ती तासून का नाही टाकलीस?" दादानं विचारलं.

"बापाच्या हातची आहे रे. हात नाही उचलला."

धाकटी इतका वेळ खांबापाशी गुडघे टेकून होती. "म्हणजे मी या घरची नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच कापला!" आत्या ओरडली. "तुला हे कळलं असतं तर तू गेली असतीस. माझं दुसरं आहे कोण?"

"आत्या, मला दिवस गेलेत."

स्वयंपाकघरात नळ अजून वाहत होता. कोणालाही तो बंद करायचं सुचलं नाही.

"शुक्रवारी जाऊन मी मोकळी होणार होते. थरथरीच्या भीतीनं."

आत्यानं तोंडावर हात घेतला. ती रडलीसुद्धा नाही, नुसती पुढेमागे झुलत राहिली. "मी गप्प राहिले असते," ती म्हणत होती, "तर मीच मारलं असतं गं त्याला. मीच." धाकटी उठून तिच्याजवळ गेली नाही. लगेच जाता आलं नाही तिला, आणि बाईंना त्याचं नवल वाटलं नाही.

"मग आता त्या थरथरीचा मी एकटाच उरलो," दादा म्हणाला आणि उजवा हात खिशातून काढून सगळ्यांसमोर धरला. त्याला तो लपवायचा कंटाळा आला असावा. धाकटीनं त्या हाताकडे पाहिलं आणि तेव्हा मात्र ती रडायला लागली.

बाईंचं एक काम राहिलं होतं. त्या मिस्त्रीकडे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आरेकऱ्याची दोन पोरं होती. थोरला कुठे गेला?"

म्हाताऱ्याला या वेळी पहिल्याच खेपेला ऐकू आलं. "तो सुतारशाळेत लागला," तो म्हणाला. "भावाच्या जवळ राहता येईल म्हणून. बोलायचं नाही, एवढीच अट होती."

"आणि तुमच्या घराण्यात थरथर?"

"बापाला नव्हती, आजाला नव्हती. मला बघताच आहात."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. बोलायला लागल्यापासून ती त्याला काकाच म्हणत आली होती.

७

शुक्रवार गेला. धाकटी इस्पितळात गेली नाही. पुढच्या आठवड्यात बाई वंशावळ घेऊन आल्या, तेव्हा खांब पुन्हा डाव्या बाजूला सुलटा उभा होता, खाली-वर नवीन लाकडाचा जोड देऊन. घर आनंदात होतं असं नाही. दादाची कामं आता मिस्त्री पुरी करत होता, आणि आत्या चोरट्या पावलांनी घरात वावरत होती.

"आत्या, इकडे ये," धाकटीनं हाक मारली. "चपला काढ. उभी राहा इथे."

"माझं काय मोजायचंय आता?"

"उभी राहा."

दादानं तिच्या डोक्यावर गुण्या धरला. तो हलत होता, म्हणून धाकटीनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं रेघ आखली. मग पटाशीनं ती कोरली, शेजारी आत्याचं पान. आत्याच्या पोरवयातल्या शेवटच्या रेघेपेक्षा ती दोन बोटं खाली आली होती.

"खाली आलीय," आत्या घाबरून म्हणाली.

"म्हातारी झालीस," धाकटी म्हणाली. "तूच आहेस."

मग ती मिस्त्रीकडे वळली. तो भुसा झाडायला वाकला होता. "काका, आता तुम्ही."

"मला कुठली खूण? मी या घरचा नाही."

"मी तरी कुठे आहे?" धाकटी म्हणाली. "या, उभे राहा."

मिस्त्रीनं झाडू भिंतीला टेकवला, एकदा आत्याकडे पाहिलं आणि पायातलं काढलं.